बसलेली असताना ९५, स्वयंपाकघरापर्यंत गेली की ८३ : फायब्रोसिस, व्यायाम आणि ऑक्सिजन

उंबरठा

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण या विषयावर मराठीत धड काही सापडेना म्हणून धागा काढतेय.

आई, वय ६८, डोंबिवलीला माझ्याकडेच असते. दोन वर्षांपूर्वी कोरडा खोकला सुरू झाला. आधी ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या, मग कफ सिरप, मधे एकदा टीबीची शंका. शेवटी एचआरसीटी (छातीचा बारकाईने केलेला सीटी स्कॅन) केल्यावर कळलं की फुफ्फुसाचा फायब्रोसिस आहे, म्हणजे फुफ्फुसावर व्रण पडून ते कडक होतं. कबुतरांमुळे होतो त्या प्रकारचा. आमच्या बाथरूमच्या डक्टमध्ये वर्षानुवर्षं कबुतरांचा संसार होता. आता जाळी लावली, पण झालेले व्रण काही भरून येत नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

गेल्या महिन्यात सहा मिनिटं चालायची टेस्ट झाली. खुर्चीत बसलेली असताना सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९५. तिसऱ्या मिनिटाला ८२ झालं आणि टेस्ट थांबवली. तेवढ्यात १४० मीटर झाले होते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं: चालताना ऑक्सिजन मिनिटाला २ लिटर, आणि फिजिओथेरपिस्टकडून पल्मनरी रिहॅब (फुफ्फुसाच्या पेशंटसाठीचा व्यायामाचा कार्यक्रम).

भाड्याने पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारं मशिन, आणलाय. दोन लिटरवर ठेवून आई घरातल्या घरात चालते तरी आकडा ८४-८५ पर्यंत उतरतोच. मग ती घाबरून बसते. "व्यायामानेच जर ऑक्सिजन कमी होतोय तर व्यायाम करायचाच कशाला?" हा तिचा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर माझाही.

दुसरं म्हणजे ऑक्सिजनची नाकातली नळी. घरात लावते, पण दार वाजलं की आधी नळी काढते, मग दार उघडते. शेजारच्या काकूंनी बघितलं तर "आता हिचं काही खरं नाही" असं बिल्डिंगभर होईल म्हणे.

एका दुकानदाराने बॅटरीवर चालणारा खांद्याला अडकवायचा कॉन्सन्ट्रेटर सुचवलाय, अडीच लाखाच्या घरात. "यावर पाच नंबर आहेत, म्हणजे पाच लिटर" असं म्हणाला. घ्यावा का? कुणाला अनुभव?

चहाटळ

अनुभव नाही, पण वाचतोय. काकूंना लवकर आराम पडो.

फुंकर

उंबरठा, मी पुण्यात चेस्ट फिजिओथेरपिस्ट आहे, फायब्रोसिसचे पेशंट रोजचे. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे किती लिटर हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण काय चाललंय ते सांगते.

डोंबिवलीकर आहात म्हणून लोकलचंच उदाहरण देते. रक्तातली तांबडी पेशी म्हणजे गाडी, फुफ्फुसातली हवेची पिशवी म्हणजे प्लॅटफॉर्म, आणि ऑक्सिजन म्हणजे चढणारी माणसं. आपण बसलेलो असतो तेव्हा ही गाडी स्टेशनात साधारण पाऊण सेकंद थांबते. निरोगी माणसाच्या फुफ्फुसात पाव सेकंदातच सगळे चढून होतात, उरलेला अर्धा सेकंद गाडी नुसती उभी. आता चालायला लागलं की हृदय जोरात पंप करतं, गाड्या भराभर सुटतात आणि थांबायची वेळ पाव सेकंदावर येते. निरोगी माणसाचं तरीही भागतं. फायब्रोसिसमध्ये प्लॅटफॉर्म आणि गाडी यांच्यातली भिंत जाड झालेली असते. पाऊण सेकंदात कसेबसे सगळे चढत होते, म्हणून बसून ९५ दिसतं. पाव सेकंदात निम्मे खालीच राहतात. शिवाय बऱ्याच स्टेशनांचे रूळच उखडलेले असतात, म्हणजे बारीक रक्तवाहिन्याही गेलेल्या असतात, ते वेगळंच.

नाकातून जादा ऑक्सिजन दिला की प्लॅटफॉर्मवर गर्दी वाढते आणि मागून रेटा येतो. तेवढ्याच वेळात जास्त लोक आत जातात. ऑक्सिजनने भिंत पातळ होत नाही, रेटा वाढतो.

आता दोन लिटर कमी का पडतात. बसल्या जागी माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. चालताना हाच आकडा तीस-चाळीसवर जातो. नळीतून येणारे दोन लिटर तेवढेच राहिले, बाहेरची साधी हवा मात्र कितीतरी जास्त मिसळली. दोन चमचे साखर पेल्यात टाकणं आणि बादलीत टाकणं, एवढा फरक. म्हणून बसलेल्या माणसाचा फ्लो चालताना उपयोगाचा नसतो. फ्लो चालवूनच ठरवावा लागतो, आणि ज्या मशिनवर, ज्या नळीने पेशंट रोज चालणार आहे तेच मशिन, तीच नळी लावून. आमच्याकडे पेशंटला कॉरिडॉरमध्ये चालवतो, ८८च्या खाली जायला लागला की फ्लो एकेक लिटरने वाढवत नेतो, आणि सहा मिनिटं टिकेल असा आकडा सापडला की तो लिहून देतो. तुमच्या चिठ्ठीवरचे २ लिटर असे चालवून काढलेत, की सुरुवात म्हणून लिहिलेत, एवढं एकदा विचाराच. माझा अंदाज दुसरं.

उंबरठा

फुंकर, लोकल एकदम पटली. नाही, चालवून नाही बघितलं. टेस्ट साध्या हवेवर झाली, ८२ आलं, आणि २ लिटर लिहिले.

जुना_सायकलवाला

उंबरठाताई, मी स्वतः पेशंट. नाशिक, वय ६३, आयपीएफ (कारण न सापडणारा फायब्रोसिस), चौथं वर्ष. पिरफेनिडोन, म्हणजे फायब्रोसिसचा वेग कमी करणारं औषध, चालू आहे. त्या गोळ्यांनी ऊन बाधतं, त्यामुळे सकाळी साडेसहाला टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि नाकात नळी असा माझा अवतार गोदाकाठी दिसतो. पोरं आधी बघायची, आता सलाम करतात.

तुमच्या आईंचा प्रश्न माझाही होता. व्यायामाने आकडा पडतो तर मग करायचा कशाला? उत्तर मला माझ्या मांड्यांनी दिलं. दम लागतो म्हणून मी सहा महिने बसून काढले. फुफ्फुस होतं तेवढंच होतं, पण मांड्या वितळल्या. मग कमोडवरून उठताना दम, कारण पायात ताकद नाही. कमजोर स्नायू तेवढ्याच कामाला जास्त ऑक्सिजन मागतो. माझं फुफ्फुस रिहॅबने सुधारलं नाही, पाय सुधारले. त्यामुळे तेवढ्याच फुफ्फुसात मी जास्त चालतो. हे समजायला मला आठ आठवडे आणि एक फार चिकट फिजिओ लागला.

माझे आकडे (हे माझे आहेत, उचलून आईंना लावू नका): बसून शून्य लिटर, सपाटीवर ४, ट्रेडमिलवर चढ दिला की ६. घरचं पाच लिटरचं मशिन सहाला पुरत नाही म्हणून व्यायामापुरती मिशीवाली नळी वापरतो. नाकाखाली मिशीसारखी एक छोटी पिशवी असते, श्वास बाहेर सोडताना वाया जाणारा ऑक्सिजन तिच्यात साठतो आणि पुढच्या श्वासाला पहिल्या झटक्यात आत जातो. दिसायला विनोदी आहे. नातू मला आजोबा-वॉलरस म्हणतो. पण तेवढ्याच लिटरमध्ये माझा आकडा तीन-चारने वर राहतो.

शंकासूर

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये. २०१६ मध्ये अमेरिकेत मोठा अभ्यास झाला होता, ७३८ पेशंट. चालताना ज्यांचा ऑक्सिजन पडतो त्यांनाही ऑक्सिजन देऊन ना आयुष्य वाढलं, ना हॉस्पिटलच्या खेपा कमी झाल्या, ना चालणं सुधारलं. मग हे नळी, मशिन, अडीच लाख कशासाठी? दुकानदारांची सोय? शिवाय ऑक्सिजनची सवय लागते, एकदा लावला की सुटत नाही, असं माझ्या काकांच्या बाबतीत बघितलंय.

फुंकर

शंकासूर, अभ्यास बरोबर सांगितलात, पेशंट चुकीचे लावलेत. ते ७३८ जण सीओपीडीचे होते. तो वेगळा आजार. त्यात श्वासनळ्या अरुंद होतात, हवा आत अडकून बसते, आणि त्या अभ्यासातल्या लोकांचं सॅच्युरेशन मध्यमच पडत होतं. फायब्रोसिसमध्ये चालताना आकडा दरीत कोसळावा तसा कोसळतो. ऑक्सिजनचे सगळे जुने नियम सीओपीडीवरून आले आहेत. १९८० चा अमेरिकेतला आणि १९८१ चा ब्रिटनमधला अभ्यास, त्यात बसल्या जागीच ऑक्सिजन खूप कमी असलेल्यांना दिवसाचे पंधरा तास किंवा त्याहून जास्त दिल्यावर आयुष्य वाढलं. तेच सरसकट सगळीकडे चिकटवलं गेलं.

फायब्रोसिसवाल्यांसाठी ब्रिटनमध्ये वेगळा अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ८४ पेशंट, सगळे उंबरठाच्या आईंसारखे: बसून ९४ किंवा वर, चालून ८८ किंवा खाली. दोन आठवडे चालताना ऑक्सिजन, दोन आठवडे नाही. ऑक्सिजनच्या आठवड्यांत दम कमी लागला, रोजचं जगणं सुधारलं असं पेशंटनी सांगितलं. त्यात खोटं मशिन लावून तुलना केली नव्हती, ही त्याची कमजोर बाजू, ती मी लपवत नाही. आणि आयुष्य वाढतं असं चालण्यापुरत्या ऑक्सिजनबद्दल कुणी दाखवलेलं नाही. मी कुठल्याही पेशंटला तसं सांगत नाही. मी सांगते की भाजी आणता येईल.

सवयीबद्दल: आजार वाढतो म्हणून ऑक्सिजन वाढतो, ऑक्सिजन लावला म्हणून आजार वाढत नाही. चष्म्याचा नंबर वाढला तर आपण चष्म्याला दोष देतो का?

शंकासूर

सीओपीडी-फायब्रोसिस फरक मान्य. चष्म्याचं उदाहरण मात्र चुकीचं, आमच्या आजीचा चष्म्यावरच राग होता :) काकांचं परत विचारून बघतो, त्यांना नक्की काय होतं ते.

मोगऱ्याचा_गजरा

सगळे आकडे बोलतायत, मी देवघराबद्दल बोलते. ऑक्सिजन चालू असताना निरांजन, उदबत्ती, कापूर काही नाही! आमच्या सासऱ्यांनी नळी लावून गणपतीची आरती करायला घेतली होती, नशीब नणंदेने तबक काढून घेतलं. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही पण बाजूचं सगळं भुर्रकन पेटवतो, आणि साडीच्या पदरात, पांघरुणात तो साठून राहतो, मशिन बंद केल्यावरही काही वेळ. स्वयंपाकाच्या गॅसपाशीही तेच. आणि ज्यांच्याकडे बाथरूममध्ये गॅस गीझर आहे त्यांनी तर नळी आत नेऊच नये. नाक कोरडं पडतं म्हणून व्हॅसलीन किंवा तेल लावतात, तेही नको. पाण्याच्या बेसचं जेल मिळतं.

उंबरठा

बाप रे. आई रोज संध्याकाळी नळीसकट दिवा लावते. आजपासून बंद. म्हणजे दिवा मी लावेन.

बोरीबंदर

कबुतरांवरून आठवलं, २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा काय रणकंदन झालं होतं! लोकांना वाटतं डॉक्टर उगाच घाबरवतात. २०१७ मध्ये भारतातल्या १०८४ आयएलडी (फायब्रोसिस ज्यात मोडतो तो फुफ्फुसाच्या आजारांचा गट) पेशंटची नोंदवही प्रसिद्ध झाली, त्यात जवळजवळ निम्मे याच, म्हणजे बाहेरचं काहीतरी श्वासातून जाऊन होणाऱ्या प्रकारचे होते. नुसती कबुतरंच नाहीत, कूलरमधली बुरशीही. ज्यांच्याकडे कूलर आहेत...

चहाटळ

कबुतरखान्याचा धागा तीनशे प्रतिसाद होऊन आधीच बंद पडलाय, इथे नको. कूलरची जाळी मात्र आज धुतो.

अडगळ

मी यातला नाही, मेकॅनिकल इंजिनियर. पण २०२१ मध्ये वडिलांसाठी धावपळ केली तेव्हा या मशिनांचा अभ्यास झाला. दुकानदाराच्या "पाच नंबर म्हणजे पाच लिटर" वर बोलतो, कारण तिथे पैसे जाणार आहेत.

घरातला कॉन्सन्ट्रेटर हवेतला नायट्रोजन झिओलाइटच्या खड्यांत अडकवतो आणि ९०-९५ टक्के ऑक्सिजन सतत सोडत राहतो. तुम्ही श्वास आत घ्या, बाहेर सोडा, खोकला, तो वाहतोच. खांद्यावरचं छोटं मशिन तसं नसतं. तुम्ही श्वास आत ओढलात की ते ओळखतं आणि तेवढ्यापुरता एक झोत सोडतं. नंबर १ ते ५ म्हणजे त्या झोताचा आकार, लिटर नव्हे. त्यातली सगळ्यात हलकी मशिनं मिनिटाला जेमतेम एक लिटरभर ऑक्सिजन बनवू शकतात. मग पाच नंबरवर पाच लिटर येणार कुठून?

यातही गोम आहे. काही मशिनं मिनिटाचा ठरलेला साठा श्वासांमध्ये वाटून टाकतात. श्वास जलद झाला की प्रत्येक झोत लहान. आणि फायब्रोसिसमध्ये चालताना श्वास उथळ, भराभर होतो असं वर फुंकरताईंनी... नाही, त्यांनी नाही लिहिलं, पण तसंच आहे ना?

फुंकर

तसंच आहे. मिनिटाला तीस-चाळीस श्वास सहज. कधीकधी श्वास इतका उथळ की मशिनला तो कळतच नाही. म्हणून असं मशिन विकत घेण्याआधी ते लावून पेशंटला सहा मिनिटं चालवा. दुकानदार ट्रायल देत नसेल तर दुसरा दुकानदार शोधा. ज्यांना चालताना तीन लिटरपेक्षा जास्त सतत लागतात त्यांना ही छोटी मशिनं बहुतेक पुरत नाहीत. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२० मध्ये अशा लोकांना लिक्विड ऑक्सिजन सुचवला होता. आपल्याकडे घरी तो मिळणं म्हणजे चांदोबाची गोष्ट, त्यामुळे आपल्यासाठी व्यवहारात उरतो तो सिलिंडर.

वाशिष्ठी

अमेरिकेतही चांदोबाच हो. माझी बहीण ओहायोत असते, तिच्या सासूबाईंना लिक्विड लिहून दिला होता. पुरवणारेच मिळेनात, शेवटी सिलिंडरवर आल्या.

अडगळ

सिलिंडरचा हिशोब सोपा आहे. सिलिंडरवर पाण्याची क्षमता कोरलेली असते. ती गुणिले गेजवरचा दाब (बारमध्ये) म्हणजे आतला ऑक्सिजन, लिटरमध्ये. भागिले तुमचा फ्लो, म्हणजे मिनिटं.

ॲल्युमिनियमचा छोटा, १.७ लिटरचा, १५० बारला भरलेला: २५५ लिटर. ४ लिटरच्या फ्लोवर तासभर, थोडा राखून धरा म्हणजे पन्नास मिनिटं. रिहॅबच्या एका सेशनला पुरतो. आपल्याकडचा बी टाइप, दहा लिटरचा: १५०० लिटर, म्हणजे ४ वर सहा तास. पण तो ट्रॉलीशिवाय हलत नाही. घरात व्यायामाच्या कोपऱ्यात उभा ठेवायला उत्तम, साखळीने भिंतीला बांधून. पडला आणि व्हॉल्व्ह तुटला तर रॉकेट.

आणि २०२१ चा कॉन्सन्ट्रेटर माळ्यावर पडून असेल तर तो काढून थेट लावू नका. नुसता पडून राहिला की झिओलाइट दमट होतं आणि शुद्धता घसरते. मशिन आवाज करतं, हवा येते, पण त्या हवेत ऑक्सिजन किती ते मीटर लावल्याशिवाय कळत नाही. सर्व्हिसवाल्याकडून ॲनलायझरने तपासून घ्या. आमचा तपासला तेव्हा पाच लिटरवर ७४ टक्के निघाला.

वाशिष्ठी

चिपळूणहून. अडगळ यांनी दमट म्हटलं, आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीच घामेजतात. बाबांचं मशिन आम्ही वापरात नसलं तरी रोज तासभर चालवतो.

आमचा खरा शत्रू लाईट. पावसात गेली की दीड दीड दिवस गायब. पाच लिटरचं मशिन साडेतीनशे वॅट खातं. दीडशे एएचची बॅटरी कागदावर पाच तास दाखवते, प्रत्यक्षात तीन-साडेतीन. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा घ्या, साध्यावर मशिन गुरगुरत होतं. आणि एक बी टाइप सिलिंडर कायम भरलेला. बाबा चालायला बाहेर जात नाहीत, ओटीवर बारा पावलं, वळायचं, बारा पावलं. पावसाळ्यात अख्खं गावच ओटीवर चालतं म्हणा.

उंबरठा

सगळ्यांचे खूप आभार. अडीच लाख तूर्त वाचले. आज डॉक्टरांना फोन केला, पुढच्या आठवड्यात ऑक्सिजन लावून परत चालवणार आहेत.

घरी व्यायाम नक्की काय करून घेऊ? आणि ऑक्सिमीटर सतत लावून ठेवायचा का? आई आकड्याकडेच बघत चालते, काल दाराच्या चौकटीला धडकली.

फुंकर

ऑक्सिमीटरकडे बघत चालू नये :) आणि चालताना हात हलतो, तेव्हा तो थापाही मारतो. बोट गार असेल, नेलपॉलिश असेल तरीही. शिवाय बोटावरचा आकडा मागे असतो, फुफ्फुसात आत्ता जे झालं ते वीस-तीस सेकंदांनी दिसतं. म्हणून सगळ्यात खालचा आकडा बऱ्याचदा थांबल्यावर येतो. थांबा, हात छातीशी स्थिर धरा, अर्धा मिनिट बघा, मग लिहा. स्क्लेरोडर्मासारख्या आजारात बोटांचा रक्तपुरवठाच कमी असतो, तिथे कपाळाला लावायचा सेन्सर लागतो.

ऑक्सिजन दम लागल्यावर लावायचा नाही, उठायच्या आधी लावायचा. दोन-तीन मिनिटं बसून घ्या, मग उठा. थांबल्यावरही आकडा पूर्ववत होईपर्यंत राहू द्या. बहुतेक जण उलटं करतात, चालून येतात आणि मग धापा टाकत नळी शोधतात.

सुरुवातीला सलग चालणं नकोच. मिनिटभर चाला, मिनिटभर उभ्याने भिंतीला टेकून थांबा, असे सहा-आठ फेरे. दम शून्य ते दहा मोजला तर तीन-चारच्या आसपास, बोलता येतंय पण गाता येत नाही इतका. सोबत खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, आठ-दहा वेळा. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हातात धरून कोपर वाकवणं. आठवड्यातून किमान दोनदा कुणाच्या तरी देखरेखीखाली, आठ आठवडे. आकडा ८८च्या खाली गेला की वेग कमी करायचा किंवा थांबायचं, आणि तुमच्या डॉक्टरांनी दुसरी मर्यादा दिली असेल तर ती. छातीत दुखलं, डोळ्यापुढे अंधारी आली, ओठ निळसर झाले तर व्यायाम तिथेच संपला आणि फोन डॉक्टरांना.

आता एक निरीक्षण, पुस्तकात कमी आणि घरात जास्त दिसतं ते. माझ्या पेशंटचे सगळ्यात वाईट आकडे ट्रेडमिलवर येत नाहीत. ते येतात दोरीवर कपडे वाळत घालताना, कारण हात डोक्याच्या वर. वाकून बादली उचलताना. भारतीय संडासातून उठताना. आणि आंघोळीत, कारण डोक्यावरून पाणी घेताना माणूस श्वास रोखतो. दोन दिवस आईंच्या मागे ऑक्सिमीटर घेऊन फिरा आणि कुठे पडतोय त्याची यादी करा. ती यादी म्हणजे त्यांचा अभ्यासक्रम. आंघोळ स्टुलावर बसून, वाळत घालायला खाली स्टँड, बादलीऐवजी टमरेल.

जुना_सायकलवाला

आंघोळीला १०० पैकी १००. मी दोन वर्षं समजत होतो की मला गरम पाण्याची ॲलर्जी झालीय.

नळीच्या लाजेबद्दल. मीही दार वाजलं की काढायचो. मग एकदा ठरवलं, कॉलनीच्या गणपतीत नळी लावूनच जायचं. आरतीच्या तबकापासून लांब, मोगरा ताई, काळजी नसावी. पहिली दहा मिनिटं सगळे बघत होते. अकराव्या मिनिटाला वर्गणीचा वाद सुरू झाला आणि मला कुणी विचारेना.

हिमरू

माझा प्रश्न मधेच घुसवतो. वडील फायब्रोसिसचे, मामांनी महाबळेश्वरला बोलावलंय. नेऊ का? आणि मे महिन्यात विमानाने बंगळूर?

अडगळ

महाबळेश्वर साधारण १३५० मीटर. हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा पंधरा टक्के कमी, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच कमी. विमानाच्या केबिनमध्ये तर २४०० मीटरपर्यंतच्या उंचीइतका दाब असू शकतो.

फुंकर

म्हणजे जे इथे चालताना होतं ते तिथे बसल्या बसल्या होऊ शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही नको. विमानात स्वतःचा सिलिंडर नेता येत नाही. बॅटरीवर चालणारं मशिन एअरलाइनने मान्य केलेलं लागतं, आधी मेडिकल फॉर्म भरावा लागतो, आणि बॅटरी प्रवासाच्या वेळेपेक्षा बरीच जास्त पुरेल इतकी. तिकीट काढायच्या आधी एअरलाइनला फोन करा, नंतर नाही.

शंकासूर

काकांचं विचारलं. त्यांना फायब्रोसिसच होता, सीओपीडी नाही. आणि शेवटचं वर्षभर ते पलंगावरून उठलेच नव्हते. ऑक्सिजन पलंगाशीच लावलेला होता. चालायला लावलं असतं तर, हे कुणी सुचवलंच नव्हतं. इथलं वाचून काकूला फोन केला, बराच वेळ बोललो.

उंबरठा

पाच आठवड्यांनी आलेय, वृत्तांत देते.

परत चालवून बघितलं. २ लिटरवर ८४, ३ वर ८६, ४ वर ८९. चिठ्ठीवर आता "चालताना ४, बसून गरज नाही" असं लिहिलंय. त्या दिवशी ४ लिटरवर पूर्ण सहा मिनिटं चालली, २६० मीटर, मधे एकदा थांबून. स्वतःच्या मनाने फ्लो वाढवायचा नाही, अशी तंबीही मिळाली.

आठवड्यातून दोनदा फिजिओकडे, बाकी दिवस घरी. खुर्चीतून उठणं तीनवरून नऊवर. फुंकर, यादी केली होती. आमच्याकडे पहिला नंबर आला माळ्यावरचा डबा काढण्याचा, ७९! डबे खाली आलेत. दुसरा आंघोळ. बाथरूममध्ये गॅस गीझर नाही, त्यामुळे लांब नळी दारातून आत घेतो आणि ती स्टुलावर बसते. मिशीवाली नळी आणून ठेवलीय, पण "ते मात्र मी मेले तरी लावणार नाही" असं ठणकावलंय. दिवा मी लावते, ती लांबून बघते आणि वात नीट नाही म्हणते.

सगळेच दिवस चांगले नाहीत. मधे सर्दी झाली तेव्हा पाच दिवस काहीच केलं नाही आणि सगळं मागे गेल्यासारखं वाटलं. खोकला आहे तसाच आहे. पीएफटीचे (फुफ्फुसाच्या क्षमतेच्या चाचणीचे) आकडे जिथे होते तिथेच.

छोटा सिलिंडर भाड्याने घेतलाय, चाकाच्या ट्रॉलीवर. परवा पहिल्यांदा खाली उतरलो. शेजारच्या काकूंनी बघितलंच. त्यांनी विचारलं, "याला महिन्याला किती पडतात?" त्यांच्या यजमानांना लागणार आहे म्हणे, गेल्या वर्षापासून तेही नळी लपवतायत.

जुना_सायकलवाला

वा! आईंना माझा नमस्कार सांगा. ट्रॉलीची चाकं मोठी घ्या, छोटी चाकं फूटपाथच्या फटीत अडकतात.

उंबरठा

काका, मी डोंबिवलीत राहते. फूटपाथ म्हणजे काय असतं?